चांदणें, छाया आणि चित्रकार

स्मरणचित्राच्या तासाला ‘चांदणी रात्र’ हा विषय दिला असतां वर्गांतील बहुतेक चित्रें एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं दिसतात. कागदाच्या वरच्या भागावर गडद निळा रंग, एका कोपऱ्यांत कंपासानें काढलेला पांढरा चंद्र, दोन काळे माड, एक कौलारू घर आणि त्या घराला हिरवीगार खिडकी! चंद्र काढला म्हणजे रात्र झाली. बाकी सर्व कारभार दिवसाचाच. चंद्र उजवीकडे असला तर माडाची सावली डावीकडे पडावयास हवी, परंतु बहुधा ती कोणीकडेच पडलेली नसते. (कोल्हापुरांत इतके माड कोठून आले हा प्रश्न निराळा.)

याचा दोष मुलांच्या हातास देणें योग्य होणार नाहीं. ज्यानें चांदणें डोळे भरून पाहिलेंच नाहीं, त्यानें तें स्मरणानें काढावें तरी कसें? तो छापील दिनदर्शिकेवरचें किंवा मोबाईलच्या पडद्यावरचें चांदणें आठवतो आणि तेंच कागदावर उतरवितो. आमचें मत असें आहे कीं, चित्रकलेंत छायाप्रकाशाचें जें ज्ञान लागतें तें शिकविणारा चांदण्याहून चांगला शिक्षक नाहीं. ज्या नगरीस लोक कौतुकानें ‘कलापूर’ म्हणतात त्याच नगरींतील मुलांना या शिक्षकाची भेट दुर्लभ व्हावी, ही गोष्ट आम्हांस सहजासहजीं सोडून देण्यासारखी वाटत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांस, आणि त्यांच्याहूनहि अधिक त्यांच्या पालकांस, उद्देशून हा लेख लिहीत आहों.

प्रथम चांदणें म्हणजे काय तें पाहूं. चंद्राला स्वतःचें तेज नाहीं हें प्राथमिक शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु चंद्राचा पृष्ठभाग किती काळवंडलेला आहे हें थोड्यांसच माहीत असतें. त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या शंभर भागांपैकीं सुमारें १२ भागच तो परत पाठवितो. म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याहून तो फारसा उजळ नाहीं. काळ्या आकाशाच्या शेजारीं बसल्यामुळेंच तो चांदीच्या ताटासारखा झळकतो. रंगपेटी उघडणाऱ्या मुलानें एवढी एकच गोष्ट ध्यानांत घेतली तरी त्याचे पुष्कळ पांढरे रंग वांचतील. कोणताहि रंग आपल्या बळावर उजळ नसतो. त्याची उजळी त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते.

पौर्णिमेचा प्रकाश सूर्याच्या प्रकाशाहून सुमारें चार लक्ष पटींनीं मंद असतो. अष्टमीचा चंद्र दिसावयास अर्धा. तेव्हां त्याचा प्रकाशहि पौर्णिमेच्या निम्मा असेल असें आपण धरून चालतों. परंतु तो जेमतेम दशांश भरतो. याचें एक मोठें कारण असें कीं, अष्टमीला सूर्याचे किरण चंद्रावर तिरपे पडतात आणि तेथील डोंगर व विवरें यांच्या लांबच लांब सावल्या त्या उजळ अर्ध्या भागासहि काळवंडून टाकतात. पौर्णिमेला त्या सावल्या आपल्या दृष्टीआड होतात. म्हणजे आपल्या अंगणांत किती चांदणें पडावें हें चंद्रावरच्या सावल्या ठरवितात!

चांदणें निळें असतें असें कवि, चित्रकार आणि चित्रपट काढणारे सर्वच समजत आले आहेत. मूकपटांच्या काळीं तर दिवसा घेतलेल्या दृश्याची फीत निळ्या रंगांत बुडविली कीं रात्र झाली असें मानीत. वस्तुतः चंद्रावरून येणारा प्रकाश सूर्यप्रकाशाहून किंचित् तांबूसच असतो. निळेपणा आहे तो आपल्या डोळ्यांत. आपल्या डोळ्याच्या आंतील पडद्यावर दोन जातींच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी भरपूर प्रकाशांत काम करितात व रंग ओळखतात. दंडाकार पेशी मंद प्रकाशांत जाग्या होतात, त्यांना रंग ओळखतां येत नाहींत, परंतु निळ्या-हिरव्या किरणांना त्या अधिक चटकन् प्रतिसाद देतात. तांबडा रंग मात्र त्यांना जवळजवळ दिसतच नाहीं. बोहेमियांतील पुर्किंये नांवाच्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत ही गोष्ट प्रथम नीट नोंदली.

याचा पडताळा कोणासहि घेतां येईल. अंगणांत तांबड्या जास्वंदीचें झाड असेल तर पौर्णिमेच्या रात्रीं दिवे मालवून अर्धा तास बाहेर बसावें. डोळ्यास अंधाराची पूर्ण संवय होण्यास तेवढा वेळ लागतोच. मग जास्वंदीकडे पाहावें. दिवसा पानांहून कितीतरी उठून दिसणारें तें फूल आतां पानांहून काळें दिसेल. पानें राखी, फूल काळें, आणि झाडाखालचा दगड सर्वांत उजळ. ज्या मुलानें हें एकदां पाहिलें तो पुन्हा चांदण्यांतील घराला हिरवी खिडकी काढणार नाहीं.

रंग गेले, बारीकसारीक तपशील गेला, म्हणजे मागें काय उरतें? उरते ती वस्तूची राशि. तिचा मोठा आकार, तिची उजेडाकडील बाजू आणि तिची अंधाराकडील बाजू. चित्रकार दिवसा देखाव्यापुढें उभा राहून डोळे अर्धवट मिटून पाहतो तें याचसाठीं. पिंपळाचीं हजार पानें त्याला नको असतात, पिंपळ हवा असतो. आपले विद्यार्थी एक एक पान काढीत बसतात, आणि तीन तास संपतात तेव्हां कागदावर पुष्कळ पानें असतात, पण झाड नसतें. चांदणें हें डोळे मिटण्याचें काम आपल्यासाठीं आपणच करून ठेवितें. तें झाडाचीं पानें पुसून टाकतें आणि झाड शिल्लक ठेवितें.

आतां आपल्या देशांतील चित्रकलेकडे वळूं. जुन्या भारतीय चित्रांत जमिनीवर पडलेली सावली जवळजवळ आढळतच नाहीं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीचें चित्र घ्या. नाकाची धार, ओठ, खांदे यांना केवढा उठाव आहे! विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत या उठावास ‘वर्तना’ म्हटलें असून रेषांनीं व बिंदूंनीं ती कशी साधावी तें सांगितलें आहे. परंतु त्या पद्मपाणीची सावली कोठेंच पडलेली नाहीं. पुढें राजपूत व पहाडी लघुचित्रांतहि तोच प्रकार. आकाश गडद, वर चंद्र, खालीं मशाली. पण माणसांचीं वस्त्रें केशरी, हिरवीं, तांबडीं, अगदीं भर दुपारीं दिसावींत तशीं. तेव्हां आमच्या वर्गांतील हिरव्या खिडकीला फार जुनी परंपरा आहे असें एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल. त्याला उत्तर एवढेंच कीं, त्या चित्रकारांनीं सावली जाणून सोडली होती. त्यांना रात्र दाखवावयाची नव्हती, रात्रीचा प्रसंग सांगावयाचा होता. न पाहिल्यामुळें सोडणें आणि पाहून सोडणें यांत महदंतर आहे.

पश्चिमेकडे सावलीचें महत्त्व फार पूर्वीपासून. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत एक कथा नोंदून ठेविली आहे. करिंथ येथील एका कुंभाराच्या मुलीचा प्रियकर परदेशीं निघाला असतां तिनें दिव्याच्या उजेडांत भिंतीवर पडलेल्या त्याच्या मुखाच्या सावलीभोंवतीं रेघ ओढून घेतली, आणि बापानें तीवर माती चढवून मूर्ति केली. कथा खरी असो वा नसो, सावलीलाच चित्राची आई मानणारी आहे. आपल्या मराठी भाषेनेंहि नकळत तोच न्याय केला आहे. प्रकाशाच्या साहाय्यानें घेतलेल्या चित्रास आपण प्रकाशचित्र न म्हणतां बहुधा ‘छायाचित्र’ म्हणतों. आणि कुडाळ तालुक्यांतील पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवून रामायण दाखवितात. त्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. कोल्हापुराहून घाट उतरून गेलें म्हणजे हें सर्व पाहावयास मिळतें, परंतु आपल्या शाळांच्या सहली बहुधा पाण्याच्या बागांकडे वळतात.

चांदण्यांतील सावली हाच चित्राचा विषय करणारा एक थोर चित्रकार जपानांत होऊन गेला. हिरोशिगे यानें १८५६ सालीं एदो शहरांतील नाटकगृहांच्या रस्त्याचें पौर्णिमेच्या रात्रीचें चित्र काढलें. रस्त्यांत माणसें चाललीं आहेत आणि प्रत्येकाच्या पायाशीं त्याची स्वतःची सावली आहे, बस्स. ती सावली पुसून पाहिली तर चित्रांत साधी गर्दी उरेल. रशियांतील कुइंजी या चित्रकाराची गोष्ट याहून नाट्यमय आहे. नीपर नदीवरील चांदण्या रात्रीचें चित्र त्यानें १८८० सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें अंधाऱ्या दालनांत एकटेंच मांडलें आणि त्यावर दिव्याचा प्रकाश सोडला. लोकांच्या रांगा लागल्या. कित्येकांनीं चित्रामागें दिवा लपविला आहे काय तें वांकून पाहिलें. दिवा नव्हताच. भोंवतालचा विस्तीर्ण अंधार त्यानें इतका समजून रंगविला होता कीं, थोडासा फिकट रंगहि त्यांत पेटल्यासारखा दिसे. पुढें त्याचे रंग काळवंडले, आणि त्याबरोबर त्या चांदण्याचें तेजहि कांहीं अंशीं गेलें.

आपल्याकडे राजा रविवर्मा यांनीं तैलरंगांत चांदण्यांतील स्त्रिया रंगविल्या, व त्यांच्या शिळाछापांनीं असलीं चित्रें घरोघर पोंचलीं. आमच्या मतें त्यांतील चांदणें पुष्कळदां रंगमंचावरचें वाटतें. याउलट सावंतवाडीचे सांवळाराम हळदणकर यांचें ‘ग्लो ऑफ होप’ हें चित्र पाहावें. तें १९४५-४६ च्या सुमाराचें असून सध्यां म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील संग्रहालयांत आहे. हातांत समई-निरांजनासारखा लहानसा दिवा घेतलेली स्त्री, आणि ज्योतीवर धरलेल्या तळव्यांतून आरपार झिरपणारा तांबूस उजेड. तें चांदणें नव्हे, दिव्याचा प्रकाश आहे, आणि चित्र जलरंगांतील आहे. जलरंगांत उजेड ‘लावतां’ येत नाहीं. कागदाचा पांढरेपणा राखून त्याच्याभोंवतीं अंधार रचावा लागतो. ज्या कन्येस समोर उभी करून त्यांनीं हें चित्र काढलें त्या पुढें कोल्हापुरांतच राहत होत्या व वयाचीं शंभर वर्षें ओलांडून २०१८ सालीं येथेंच निवर्तल्या. एवढें जगप्रसिद्ध चित्र ज्यांच्यावरून निघालें त्या आपल्याच गांवीं राहत होत्या, हें किती मुलांस ठाऊक होतें?

कोल्हापूरचें नांव निघालें तर पहिला मान आबालाल रहिमान यांचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें, १८८८ सालीं त्यांस व्हाइसरॉयचें पदक मिळालें, आणि पुढें छत्रपति शाहू महाराजांनीं त्यांस दरबारी चित्रकार नेमलें. मुंबईस राहून पैसा व कीर्ति मिळविणें त्यांस अवघड नव्हतें. परंतु ते कोल्हापुरास परतले आणि कोटितीर्थाच्या कांठीं राहून तेथील पाणी, झाडी व उजेड यांच्यामागें आयुष्यभर लागले. १९३१ सालीं त्यांचा अंत झाला. आपलीं पुष्कळ चित्रें त्यांनीं त्याच तळ्यांत सोडून दिलीं अशी गोष्ट गांवांत सांगतात. जीं उरलीं त्यांतील कांहीं टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहेत. टाऊन हॉलच्या बागेंत रविवारीं मुलें खेळतात. दाराच्या आंत किती जातात तें पालकांनींच सांगावें. त्या चित्रांपुढें उभें राहिलें म्हणजे कळतें कीं, हा मनुष्य वस्तु काढीत नव्हता, वस्तूवर पडलेली वेळ काढीत होता.

दुसरें नांव बाबूराव पेंटर यांचें. मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवितां रंगवितां या माणसानें चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनविला, १९१७ सालीं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ काढला. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा तो १९२३ सालचा ‘सिंहगड’. त्यापूर्वीं बोलपट तर नव्हतेच, पण दिव्याच्या प्रकाशांत चित्रण करण्याचीहि रीत आपल्याकडे रुजली नव्हती; सर्व कांहीं सूर्याच्या मर्जीवर चाले. हरिभाऊ आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरील या मूकपटांत रात्रीच्या प्रसंगांसाठीं बाबूरावांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. 

प्रसंग कोणता तें लक्षांत घ्या. तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले ती रात्र ४ फेब्रुवारी १६७० ची, म्हणजे माघ वद्य नवमीची. वद्य नवमीस चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवतो. तोंपर्यंत डोणागिरीच्या कड्यावर गडद काळोख. असला प्रसंग निळी फीत करून दाखविण्यास पडद्यावर रात्र रंगविणारा कोणीहि पुरे झाला असता. बाबूराव मूळचे चित्रकार. अंधार दाखवावयाचा तर कोठें तरी थोडासा उजेड हवा, आणि तो कोठून येतो हें पाहणाऱ्यास कळलें पाहिजे, हें त्यांना कुंचल्यानें शिकविलें होतें. दोन वर्षांनीं आलेल्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटांतील अंधारांत बुडालेल्या झोंपडीचें दृश्य पाहणाऱ्यांनीं पुढें कित्येक वर्षें आठवणींत जपलें. या काळच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज उरलेल्या नाहींत. परंतु त्याच कंपनींत उमेदवारी केलेल्या दामले, फत्तेलाल आणि शांताराम या मंडळींनीं १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांतच प्रभात कंपनी काढली, आणि ती १९३३ सालीं पुण्यास गेल्यावर ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्यें सावल्यांचा जो खेळ दिसला त्याचीं मुळें येथल्या मातींत होतीं.

‘चित्रें काढून पोट भरतें काय?’ असें विचारणाऱ्या पालकांनीं हा इतिहास एकदां वाचावा. चित्रपटाचा एवढा मोठा धंदा या गांवांत उभा राहिला तो कांहीं भांडवलाच्या जोरावर नव्हे. तो पडदे रंगविणाऱ्यांनीं, सुतार-लोहारकाम जाणणाऱ्यांनीं, आणि सावली कोठें पडते हें पाहण्याची संवय असलेल्या माणसांनीं उभा केला.

आतां खिद्रापूरकडे येऊं, कारण चांदणें आणि छाया यांचा याहून मोठा धडा आमच्या जिल्ह्यांत नाहीं; महाराष्ट्रांतहि क्वचितच असेल. शिरोळ तालुक्यांत कृष्णेच्या कांठीं कोपेश्वराचें देऊळ आहे. शिलाहारांच्या काळांत, बाराव्या शतकांत, तें आकारास आलें. यादवराजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेखहि तेथें आहे. मुख्य देवळापुढें स्वर्गमंडप म्हणून ४८ खांबांचा मंडप असून त्याच्या छताच्या मध्यभागीं सुमारें १३ फूट व्यासाचें वर्तुळाकार गवाक्ष उघडें ठेविलेलें आहे. बरोबर त्याच्या खालीं तसाच वर्तुळाकार अखंड दगड, आणि त्या दगडाभोंवतीं १२ खांबांचें कडें. कार्तिकी पौर्णिमेस, जिला आपण त्रिपुरी म्हणतों, मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या गवाक्षाच्या माथ्यावर येतो आणि चांदण्याचा कवडसा खालच्या दगडावर जवळजवळ तंतोतंत बसतो.

यांत चमत्कार मुळींच नाहीं, आणि म्हणूनच आम्हांस तो अधिक मोठा वाटतो. कोल्हापूर-खिद्रापूरचा प्रदेश विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें पावणेसतरा अंशांवर आहे. पौर्णिमेचा चंद्र आकाशांत सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सोळा ते एकवीस अंश गेलेला असतो, तेव्हां चंद्र जवळजवळ तितकाच उत्तरेस. म्हणजे तो बरोबर आपल्या डोक्यावरूनच जाणार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत भर दुपारीं आपली सावली पायांखालीं नाहींशी होते, तो शून्यसावलीचा दिवस विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्रिपुरीची मध्यरात्र ही चांदण्यांतील शून्यसावली होय. दरवर्षीं चंद्र अगदीं त्याच बिंदूवरून जात नाहीं, कांहीं अंश इकडेतिकडे होतो. परंतु १३ फुटांचें गवाक्ष एवढें सोसण्याइतकें उदार आहे.

चित्रकारानें तेथें पाहावयाचें तें मात्र चंद्राकडे नव्हे. लोक माना वर करून पाहतात व छायाचित्रें घेतात. विद्यार्थ्यानें खांबांकडे पाहावें. चांदणें सरळ उतरून दगडावर पडतें, दगडावरून परततें आणि सभोंवारच्या बारा खांबांना खालून उजळतें. दिवसा वरून येणाऱ्या प्रकाशांत नक्षीच्या ज्या बाजूंवर सावली असते, त्या बाजू आतां किंचित् उजळतात. बाहेरच्या रांगांतील खांब क्रमाक्रमानें अंधारांत मिसळून जातात. परावर्तित प्रकाश म्हणजे काय हें वर्गांत मडकें ठेवून वर्षभर शिकविलें तरी मुलांच्या गळीं उतरत नाहीं. तेथें तें पांच मिनिटांत उतरेल.

उतरेल असें म्हटलें, परंतु त्यासाठीं अंधार हवा. गर्दीच्या रात्रीं देवळांत विजेचे दिवे, हातांतील मोबाईलचे दिवे आणि छायाचित्रकारांचे झगझगाट चालले असतां चांदणें बिचारें काय करणार? रस्त्यावरच्या साध्या दिव्याखालीं पडणारा प्रकाशहि पौर्णिमेच्या प्रकाशाच्या पन्नासपट सहज असतो. शिवाय मोबाईलमध्यें रात्रीचें चित्र घेण्याची जी नवी सोय आहे ती मंद प्रकाश गोळा करून रात्रीचा जवळजवळ दिवस करून टाकते. त्या चित्रांत सर्व दिसतें. फक्त रात्र दिसत नाहीं. आमची सूचना साधी आहे. त्रिपुरीच्या रात्रीं चंद्र माथ्यावर असतांना पंधरा मिनिटें मंडपांतील व आवारांतील सर्व दिवे बंद ठेवावेत. तेवढा वेळ लोक जागीं शांत बसून राहिले तर कोणाचीहि गैरसोय होणार नाहीं.

कोल्हापुरास असली गोष्ट परकी नाहीं. नोव्हेंबरांत ९ ते ११ आणि ३१ जानेवारीपासून २ फेब्रुवारीपर्यंत मावळत्या सूर्याचे किरण अंबाबाईच्या देवळांत आंतपर्यंत पोंचतात, त्या किरणोत्सवासाठीं सारें गांव लोटतें. किरणांच्या वाटेंत कोणत्या इमारतीचा कोपरा येतो याची मोजणी होते, वर्तमानपत्रांत चर्चा होते, अडथळा काढण्याची मागणी होते. सूर्याच्या वाटेची एवढी काळजी घेणाऱ्या नगरीनें चंद्राच्या वाटेविषयीं एक शब्दहि बोलूं नये, हें आम्हांस विचित्र वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, मास्तर, तुमच्या चित्रकलेसाठीं आम्हीं गांव अंधारांत ठेवावयाचें काय? बायकामुलांनीं रात्रीं रस्त्यानें जावयाचें कसें? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही दिवे काढा असें म्हणतहि नाहीं. रस्त्याचा दिवा रस्त्यावर पडावा, एवढेंच म्हणणें आहे. आज तो आकाशांत, झाडांच्या शेंड्यांत आणि लोकांच्या शयनगृहांत पडतो. म्हणजे त्या विजेचे पैसे चांदणें पुसून टाकण्यासाठीं खर्च होतात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जगाच्या नकाशावरून असें दिसलें कीं, एक तृतीयांशाहून अधिक मनुष्यजातीस आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाहीं. उलट, आपल्याच राज्यांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें ‘डार्क स्काय पार्क’ हा मान मिळाला. हिंदुस्थानांत तो पहिलाच. त्यासाठीं आसपासच्या खेड्यांतील शंभराहून अधिक दिवे झांकण घालून खालीं वळविण्यांत आले. खेडीं अंधारांत गेलीं नाहींत. रंकाळ्याच्या कांठच्या शोभेच्या दिव्यांना असलीं झांकणें घालणें महानगरपालिकेस अशक्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. निदान पौर्णिमेच्या आगेमागें तीन रात्री शोभेचे दिवे दहा वाजतां मालवले तरी तळ्याची शोभा कमी न होतां वाढेल.

तें होईल तेव्हां होवो. पालकांनीं आपल्या गच्चीपुरतें तरी आजपासून करावें. कोजागरीस दूध आटविण्याची चाल घरोघर आहे. परंतु गच्चीवर नळीचा दिवा पेटवून, गाणीं लावून, आपण ती साजरी करितों, आणि दुधांत चंद्र पाहावयाचा तो दिव्याचेंच प्रतिबिंब पाहून खालीं येतों. यंदा दूध आटेपर्यंत दिवा मालवून ठेवावा. मुलांस दुसऱ्या दिवशीं शाळा असली तरी त्या रात्रीं बारा वाजेपर्यंत जागूं द्यावें; सकाळीं उशीर झाला तर निदान या लेखकाच्या तासाला त्यांस कोणी रागें भरणार नाहीं.

एलिमेंटरी व इंटरमीजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांनीं त्या रात्रीं थोडें कामहि करावें. शालान्त परीक्षेंत मिळणाऱ्या वाढीव गुणांवर डोळा ठेवून तुम्ही बसतां हें आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. प्रथम अर्धा तास नुसतें पाहावें. या अवधींत मोबाईल पाहिला तर डोळ्यांची संवय मोडते व अर्धा तास पुन्हा मोजावा लागतो. मग पाण्याची टांकी, शेजारच्या घराचें छप्पर, वाळत घातलेलें धोतर किंवा साडी, असें जें समोर असेल त्याच्या तीनच पायऱ्या ठरवाव्यात : सर्वांत उजळ, मधलें आणि काळें. साहित्य म्हणून पुडे बांधण्याचा बदामी कागद आणि चुलींतील किंवा बाजारचा कोळसा पुरे. उजळ जागांसाठीं खडूचा एक तुकडा जवळ असावा. कागदावर काय निघालें तें अंधारांत नीट दिसणार नाहीं, आणि तें बरेंच आहे, कारण त्यामुळें खोडरबर हातीं येणार नाहीं. चित्र सकाळीं उन्हांत पाहावें व तसेंच वर्गांत घेऊन यावें. निळ्या रंगाची बाटली घरींच राहूं द्यावी.